बिनतखल्लुसाचे नाना

आमच्या राजपुऱ्यात नानांच्या दुकानात पाय ठेवणारा माणूस गूळ घेऊन निघो न निघो, नवं नाव घेऊन निघायचाच. नानांना उर्दू शायरीचं वेड, आणि त्या वेडातलं वेड म्हणजे तखल्लुस वाटायचं. तखल्लुस म्हणजे शायराचं टोपणनाव. पण शायर आणि बिगरशायर असला भेदभाव नाना करत नसत.

दुधात पाणी घालणारा गवळी ‘दर्या’. गालावर रोज नवी जखम करणारा न्हावी ‘खूँरेज’, रक्त सांडणारा. अखंड बडबड करणारा मी ‘खामोश’. दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाला तर त्यांनी वाकून ‘मेहमान’ हे नाव बहाल केलं. साहेब खूश! पाहुणा आज ना उद्या आपल्या घरी जातो, हे त्याला फोड करून सांगायची हिंमत कचेरीत कुणाला झाली नाही.

बायकोचं, म्हणजे नानींचं, तखल्लुस ‘सितमगर’, म्हणजे जुलमी.

“मले नको तुमचं ते नाव-बीव!” नानी आतून ओरडायच्या. “गिऱ्हाईक उभं हाय कवाचं, तूरडाळ मोजा आधी!”

“वाह! काय तेवर आहेत!” नाना मान डोलवायचे आणि डाळ सांडायची. सांडलेली डाळ नानींनी वेचायची. नानांची कंबर कधी वाकत नसे, साहेबाचा अपवाद सोडून.

मुशायरा असला की नाना शेरवानी चढवून पुढच्या रांगेत. शायरांपुढून फिरणारी मेणबत्ती, शमा, समोर आली की गझल म्हणायचे, आणि चांगली म्हणायचे. थट्टा करतो म्हणून खोटं कशाला बोलू? पण शेवट आला की गप्प. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायराने आपलं तखल्लुस गुंफायचं असतं. आणि अख्ख्या गावाला नावं वाटणाऱ्या या माणसाला स्वतःचं तखल्लुसच नव्हतं! लोक ओरडायचे, “नाना, मक्ता!” नाना निमूट शमा पुढे सरकवायचे. ताकभात न वाढताच पंगत उठवावी, तसं आम्हाला व्हायचं.

“एखादं ठेवून घ्या की,” मी एकदा म्हटलं. “तुमच्याकडे नावांना काय तोटा?”

“खामोशमियाँ, तखल्लुस आपलं आपण घ्यायचं नसतं. ते उस्ताद देतात.”

“मग मागा की उस्तादांकडे!”

“चला,” नाना म्हणाले.

नाना दर शुक्रवारी इतवारा मोहल्ल्यात जातात हे ठाऊक होतं. मला वाटे, मालाच्या सौद्याला. तिथे एका खोलीत उस्ताद खाटेवर बसले होते. “अब्बा अब किसी को नहीं पहचानते,” पडद्याआडून त्यांची सून म्हणाली.

“आप कौन?” उस्तादांनी विचारलं.

“शागिर्द,” नाना म्हणाले. घरून आणलेला शिरा त्यांनी उस्तादांना भरवला, दाढी पुसली. मग हलकेच गझल सुरू केली. “ताप्ती ठहरी रही, पानी मगर जाता रहा...”

उस्तादांची बोटं खाटेवर ठेका धरू लागली. “मुकर्रर!” ते म्हणाले. नानांनी ती ओळ पुन्हा म्हटली. एकेक करत शेर संपले.

“मक्ता?”

“वह तो आपके पास है, उस्ताद.”

“मेरे पास?” उस्ताद घाबरले. त्यांनी खिसा चाचपला, उशी उचलली, चादर झटकली. “यहीं रखा था... यहीं कहीं...”

मी बाहेर जायला उठलो. मागे वळून पाहिलं, तर नाना गुडघे टेकून खाटेखाली वाकले होते.

“देखता हूँ, उस्ताद,” ते म्हणत होते, आणि खरोखरच शोधत होते.