बिराजदार मास्तरांची टेप

बिराजदार मास्तरांच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असत. सदऱ्याच्या आत लिंगायतांचं इष्टलिंग आणि सदऱ्यावर शिंप्याची टेप. पहिलीबद्दल माझी तक्रार नव्हती. दुसरीनं मात्र माझं डोकं उठवलं होतं.

पंचाहत्तर सालच्या आसपास मी सोलापुरात मुलांच्या एका रिमांड होममध्ये कारकून होतो आणि मास्तर तिथले शिवणशिक्षक. चोरीत सापडलेली, घरातून पळालेली चाळीसएक पोरं तिथं कोंडलेली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर त्यांना रांगेत उभं करून प्रत्येकाचं माप घेत आणि मी ते वहीत लिहायचं. कपडे मिळत वर्षातून एकदा. मग मापं दरमहा कशाला?

"पोरं वाढत्यात की, भाऊसाहेब."

आमच्याकडच्या पाणचट आमटीवर कोण डोंबलाचं वाढणार? मोहोळच्या एका पोराची छाती सहा महिने चोवीसच होती. हा पोरगा आला तेव्हा मास्तरांनी टेप धरून हात उचलला, तर डोकं झाकून खालीच बसला. मास्तरही त्याच्यापुढं मांडी घालून बसले. "आदी तू माजं माप घे की." मास्तरांच्या पोटाला वेढा घालताना पोराचे हात पुरेनात. सगळी हसली आणि माझी जेवणाची सुट्टी बुडाली.

शेवटी वैतागून मी वरच्या ऑफिसला टिपण धाडलं. हुकूम आला, की यापुढं तीन ठरावीक मापांचे तयार कपडे येतील, मोजमाप बंद. मी तो मास्तरांना वाचून दाखवला, जरा खुशीतच.

पुढच्या पहिल्या सोमवारी मास्तर टेप घेऊन रांगेपुढं हजर.

"मास्तर, हुकूम ऐकलात ना? आता कशाला मोजताय?"

ते जवळ आले, आवाज खाली आणला. "छाती मोजायला दोनी हात पाटीमागनं न्यावं लागत्यात, भाऊसाहेब. ह्यांच्या अंगाला हात लागतोय त्यो मारायलाच. जवळ घ्यायला मला दुसरं निमित्त कुटलं सांगा की."

मला त्या टिपणाची फार लाज वाटली. रांगेत पहिला मोहोळचा पोरगा होता. कुणी न सांगताच हात वर करून उभा.

मी वही उघडली. "बोला मास्तर, किती?"

"चोवीस," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी परत एकदा टेप लावली.