किसनरावांचा राहिलेला डबा

सोनाळ्याचे जानराव पाटील यांनी एकदा शेजाऱ्याचा लोटा मागून आणला आणि तो तुपाने भरून परत केला. त्यांचे पुत्र निवृत्तीराव यांनी लग्नासाठी पाहुण्यांची परात नेली, ती परत गेली तेव्हा तीत गुळाची अख्खी ढेप होती. निवृत्तीरावांचे पुत्र भगवानराव यांनी तर उसनी आणलेली बैलगाडी कडब्याने भरून परत धाडली. बैलगाडी म्हणजे काही भांडे नव्हे, असे कोणी म्हटलेच तर ते त्याच्याकडे मोठ्या दयेने पाहत.

अशा घराण्यात, भगवानरावांच्या पोटी, अर्जुनराव जन्मले, आणि त्यांनी मित्राचा जेवणाचा डबा चाळीस वर्षांहून अधिक काळ लोखंडी कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली दडवून ठेवला!

डबा स्टीलचा, तीन पुडांचा, बाजूला कडी असलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले: कि. द. वडनेर. म्हणजे वडनेर भोलजीचे किसन दयाराम. अकोल्याला कॉलेजात असताना अर्जुनराव आणि किसनराव एका खोलीत राहत. वडनेर हमरस्त्यावरचे गाव. किसनची आई रुक्मिणीबाई पहाटे डबा भरून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हवाली करी आणि तो अकोल्याच्या स्टँडवर उतरवून घेतला जाई. सोनाळ्याहून थेट गाडी नव्हती. त्यामुळे अर्जुनरावांना डबा नव्हता, आणि किसनच्या डब्यातला अर्धा भाग त्यांचा, हे न बोलता ठरून गेले होते.

परीक्षेच्या एका सकाळी किसनने त्यांना डबा आणायला स्टँडवर पाठवले. आदल्या दिवशी त्यांचा एकादशीचा उपास झालेला. अर्जुनरावांनी तिथल्याच बाकावर बसून आपला अर्धा डबा खाल्ला. मग उरलेल्या अर्ध्याकडे पाहिले. मग तोही खाल्ला. भरली कारली होती, ती बोटे चाटून संपवली. किसन पेपरला गेला तो, त्यांच्या समजुतीप्रमाणे, उपाशीपोटी. त्या वर्षी तो नापास झाला, कॉलेज सोडून शेतीला लागला. डबा मात्र अर्जुनरावांकडेच राहिला. रिकामा परत करणे घराण्यात बसेना, आणि कशाने भरला म्हणजे एका माणसाचे शिक्षण भरून निघेल, हेही सुचेना. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून भेट टळली, आणि भेट टळत गेली म्हणून लाज वाढत गेली.

पुढे अर्जुनराव भूगोलाचे शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, निवृत्तही झाले. रुक्मिणीबाई वारल्या तेव्हा ते धोतर बदलून वडनेरच्या फाट्यापर्यंत गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले आणि मागे फिरले. घरी येऊन त्यांनी पत्नीला सांगितले की गाडी मिळाली नाही. वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या चपलांवरची फाट्याची लाल धूळ पाहिली आणि चपला झटकून कोपऱ्यात ठेवल्या.

आता त्यांची नात अर्पिता अमेरिकेत शिकते. अमेरिकेत म्हणजे ऱ्होड आयलंड नावाच्या राज्यात. अर्जुनरावांनी पहिल्याच दिवशी नकाशा काढला, पट्टी लावली आणि साऱ्या गावाला ऐकवले की हे राज्य आपल्या बुलडाणा जिल्ह्याच्या निम्मेसुद्धा नाही. त्यात कॉलेजे आणि विद्यापीठे मात्र डझनभर! एक चित्रकलेचे, एक आरमाराचे, एक तर चक्क स्वयंपाकाचे. हे ऐकून वच्छलाबाईंनी विचारले होते की स्वयंपाकाच्या विद्यापीठात सासू कोण असते.

गेल्या उन्हाळ्यात अर्पिता सुटीवर आली आणि जेवता जेवता सहज बोलून गेली की तिकडे दुसऱ्या एका विद्यापीठात, दक्षिणेकडे समुद्राजवळ, वडनेर भोलजीचा एक मुलगा शिकतो. प्रेम त्याचे नाव. होस्टेलचे जेवण त्याला सोसत नाही, पार वाळून गेला आहे. त्याच्या आजोबांचे नाव किसनराव.

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. जेवण अर्धे टाकून ते उठले, कपाट उघडले आणि डबा काढला.

त्यांची योजना निर्दोष होती. रुक्मिणीबाईंचा डबा वडनेरहून अकोल्याला एस.टी.ने जात असे. अर्पिताचे कॉलेज ते प्रेमचे कॉलेज हे अंतर त्याहून कमी, मधे सरकारी बस. तेव्हा डबा तोच, भाजी तीच, पोचवण्याची रीत तीच. किसनच्या नातवाच्या हाती भरलेला डबा पडेल आणि घराण्याला लागलेला डाग पुसला जाईल.

अर्पिताने जमेल तितका विरोध केला. आजकाल मुले कारली खात नाहीत, म्हणाली. पनीर करते, म्हणाली. मी स्वतः जाऊन देते, असेही म्हणाली.

"कारलं म्हणजे कारलंच," अर्जुनराव म्हणाले. "मी काय पनीर खाल्लं होतं त्याचं? अन् डबा बसनंच गेला पायजे. तसाच आला होता तो."

पोरगी आजोबांच्या शब्दाबाहेर नव्हती. डबा घेऊन तिकडे गेल्यावर एका रविवारी सकाळी, म्हणजे इकडे दिवेलागणीला, तिने आजीने दिलेला काळा मसाला घालून कारली भरली, डबा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, वरून सुतळी आवळली आणि बसथांब्यावर उभी राहिली. फोनवर अर्जुनराव हजर होतेच. ड्रायव्हरने सामान घ्यायला नकार दिला. त्याला मामा म्हण, असा सल्ला सोनाळ्याहून गेला. मामा म्हणूनही तो द्रवला नाही. तेव्हा आजोबांनी फर्मावले की ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली ठेव आणि उतर, पुढे प्रेम उतरवून घेईल. अर्पिताने डबा ठेवला आणि ती उतरली. बस गेली.

अर्जुनराव कितीतरी वर्षांनी पोटभर जेवायला बसले. पहिली भाकरी संपायच्या आत फोन वाजला.

झाले होते असे. सीटखालचे गाठोडे एका बाईंना दिसले. सुतळी दिसली, फडके दिसले, आणि फडक्यातून पाझरणारे काळपट तेलही दिसले. त्यांनी ड्रायव्हरला सांगितले. ड्रायव्हरने बस थांबवली, माणसे उतरवली, पोलिसांना कळवले. पोलीस आले. त्यांच्यामागून बॉम्ब हाताळणारे आले. त्यांच्यामागून पाळण्याएवढे एक यंत्र चाकांवर आले आणि आपला लोखंडी हात लांब करून वच्छलाबाईंच्या काळ्या मसाल्याकडे सरकू लागले. रस्ता बंद झाला. आणि राज्य एवढेसे असल्यामुळे एक रस्ता बंद झाला म्हणजे सगळेच अडले! जवळच्या विद्यापीठाने मुलांना खोल्यांत बसवले, ते पाहून त्याच्या शेजारच्याने बसवले. चित्रकलेची मुले कुंचले टाकून दाराला कडी घालून बसली. आरमारवाल्यांनी फाटक लावले. स्वयंपाकाच्या विद्यापीठातल्या चुली विझल्या, आणि तेही कशाला, तर भरल्या कारल्यांना भिऊन!

अर्पिताने फोनवर हे अडखळत सांगितले. अर्जुनरावांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला.

"डबा उभा ठेवला होता ना? आडवा झाला असन तं तेल सांडनच."

"आबाजी, मले कॉलेजातून काढतीन," अर्पिता रडत म्हणाली.

हे ऐकल्यावर मात्र त्यांच्या हातातली भाकरी खाली आली. एका मुलाचे शिक्षण त्यांनी याच डब्यापायी बुडवले होते. आता त्याच डब्यापायी नातीचे बुडणार! वच्छलाबाईंनी फोन आपल्या हाती घेतला. रडणे बंद कर, ओढणी नीट घे, सरळ पोलिसांपुढे जाऊन उभी राहा आणि खरे ते सांग, असे त्यांनी नातीला बजावले. मग नवऱ्याकडे वळून त्या एवढेच म्हणाल्या, "तुमाले अवो, दोन पायांनी वडनेरले जाता आलं असतं."

अर्पिता पोलिसांपुढे गेली. कारले ही भाजी आहे, ती कडू असते, आणि ती ठरवून, प्रेमाने खायला देतात, हे तिने इंग्रजीत समजावून सांगितले. अधिकाऱ्याला त्यातले शेवटचे पटेना. त्याने यंत्राने टिपलेले झाकणाचे चित्र दाखवले. ही ठिपक्यांची अक्षरे कसली? नाव, ती म्हणाली. तुझे? नाही. ज्याला पाठवलास त्याचे? तेही नाही. मग ज्याचे नाव आहे त्याच्याशी मला बोलू दे, असे अधिकारी म्हणाला, तोवर कोणी हलायचे नाही.

अर्पिताने ते सोनाळ्याला कळवले. किसनरावांचा नंबर अर्जुनरावांच्या फोनमध्ये होता. किती वर्षे होता, फक्त दाबलेला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. वच्छलाबाईंनी हात पुढे करून नंबर स्वतःच दाबला.

फोनच्या पडद्यावर चेहरा आला तो म्हाताऱ्या माणसाचा. अर्जुनरावांनी तो आधी ओळखलाच नाही, कारण त्यांच्या मनातल्या किसनला मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती.

"किसन, मी अर्जुन. सोनाळ्याचा," ते म्हणाले, आणि एवढ्या वर्षांत मनाशी घोकलेले पुढचे सगळे विसरले. "तुहा डबा अमेरिकेत पोलिसायनं धरला."

किसनरावांनी चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग अर्पिताने तिसरीकडून फोन जोडला, अधिकाऱ्याने झाकण दाखवले आणि विचारले, हा डबा तुमचा का? प्रश्न अर्पिताने मराठीत करून सांगितला.

"हाव, माहाच आहे," किसनराव म्हणाले. "सांग त्याले, या माणसानं नेला तो अजून परत केला नाही. चांगलं झालं सापडला."

अर्पिताने अधिकाऱ्याला हे जसेच्या तसे सांगितले नाही, एवढे शहाणपण तिला होते. यंत्राने कडी काढली. कारली निघाली. अधिकाऱ्याने वास घेतला, मान मागे नेली आणि रस्ता मोकळा करायला सांगितले. अर्पिताला त्याने खडसावून सोडले. कॉलेजनेही बोलावून समज दिली, तिने लेखी माफी मागितली, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले. डबा शिपायाच्या गाडीतून प्रेमच्या होस्टेलवर पोचला. ड्रायव्हरच्या हवाली केलेला डबा इतक्या बंदोबस्तात कधी कोणाला मिळाला नसेल.

दोघे म्हातारे मात्र फोनवर राहिले. अर्जुनरावांनी बाक, भूक, उरलेला अर्धा भाग, सारे एका दमात सांगितले. तू उपाशी पेपरला गेलास, माझ्यामुळे तुझे कॉलेज सुटले, असे ते म्हणाले.

"उपाशी कायचा बे?" किसनराव म्हणाले. "मी हॉटेलात चार कचोऱ्या चेपून पेपरले गेलो. त्या हप्त्यात मळ्यात कारलीच कारली आली होती, माय रोज तेच धाडे. मले कारलं पाहवत नाही. म्हणून तं तुले स्टँडवर पाठोलं, का लेका तूच खाऊन घेशीन! अन् तो पेपर मले येतच नव्हता."

मग किसनरावांचा आवाज खाली आला.

"माय लय दिवस विचारे. तो सोनाळ्यावाला पोरगा काऊन येत नाही म्हणे. डब्यात दोन भाकरी जास्तीच्या राहत, त्या तुह्याच नावाच्या होत्या. मले वाटलं, तू मास्तर झाला, मोठा झाला."

फाट्यावर उभे राहिल्याचे अर्जुनरावांच्या ओठांवर आले होते, पण ते सांगून आता रुक्मिणीबाईंना काय कळणार होते? त्यांनी उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले. वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि उद्या वडनेरला जायचे आहे, असे ठरवून टाकले.

एवढ्यात प्रेमचा फोन आला आणि याच बोलण्याला जोडला गेला. डबा मिळाला, म्हणाला, पण आजोबा, हे कारलं आहे, आणि ते मला मुळीच आवडत नाही. पोरगा थेट आजोबांवर गेला होता.

"आवडो का न आवडो," किसनराव म्हणाले, "भांडं भरून परत करायची तीन पिढ्यायची रीत आहे त्याहीच्या घरची. डबा भरून आला तं तो संपोवा लागते. फोन समोर ठेव अन् खा."

मग एकीकडे सोनाळा, एकीकडे वडनेर भोलजी, असे दोन म्हातारे पडद्याला डोळे लावून बसले आणि अमेरिकेतल्या त्या लहानशा राज्यात एक पोर, डोळ्यांत पाणी आणून, एकेक कारले गिळत राहिले. शेवटची फोड गेली, तेव्हा किसनरावांनी त्याला डबा आडवा करून दाखवायला लावला. आत काही उरले नव्हते.

अशा रीतीने अर्जुनरावांचे जुने ऋण पूर्ण फिटले. फेडले मात्र त्या बिचाऱ्या पोराने.