आजारी अध्यक्ष

कोणत्याही सुव्यवस्थित राज्याला राजाचे मरण परवडत नाही. नायजेरियातल्या वुकारीच्या जुकुन राजघराण्याने हे फार पूर्वी ओळखले होते. तेथे राजा गेला की कित्येक महिने बातमी बाहेर जात नसे. विचारणाऱ्याला राजे आजारी आहेत, एवढेच सांगत.

सन १९७१ मध्ये दोंडाईचाजवळच्या एका हायस्कुलात लताबाईंनी हे आठवीला शिकवले. (त्या बी.एस्सी. होत्या, इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे इतिहासही त्यांच्याकडे होता.) वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या.

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष दलिचंद शेठ वारले. अंत्ययात्रेला सुमारे नऊशे माणसे होती. मात्र संस्थेच्या घटनेनुसार अध्यक्षाचे वय पंचवीस पूर्ण लागे आणि चिरंजीव नेमीचंद पाच महिन्यांनी कमी पडत होते. अध्यक्ष अर्थात निवडणुकीनेच होई. (आजवर निवडणुका सात, उमेदवार दरवेळी एक, आडनाव तेच.)

अडचण लताबाईंची झाली. महिनाअखेरीपर्यंत अध्यक्षांच्या सहीचा कायम नेमणुकीचा आदेश मिळाला नाही, तर त्यांची नोकरी संपणार होती, आणि घर त्यांच्याच पगारावर चाले. अंत्यविधीनंतर बाराव्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या.

"हिलालनाना, आता सही कोण करणार?"

लेखनिक हिलालनानांनी चष्मा पुसला. "अध्यक्ष करतीन ना, बाई."

"अहो, शेठ वारले!"

"शेठ गयात. अध्यक्ष आजारी शेतस."

"मी स्वतः हार घातला त्यांना."

"तो हार शेठले व्हता. अध्यक्षले नही."

चार दिवसांनी आदेश आला. सही आजारी माणसाच्या मानाने ठसठशीत होती. तारीख अंत्यविधीनंतरच्या सोळाव्या दिवसाची होती. बाईंनी दिवस दोनदा मोजले. शास्त्राच्या माणसाने एका मोजणीवर विसंबू नये.

"नको असीन तर ऱ्हाऊ द्या," हिलालनाना मायेने म्हणाले. "नेमीशेठनी मेहुणी बी बी.एस्सी. शे."

लताबाईंनी पेन उघडले आणि पोचवहीत सही केली.

त्यांनी आदेश परत करायला हवा होता, असे ज्यांना वाटते त्यांनी ते जरूर वाटून घ्यावे. फक्त आधी आपल्या नेमणुकीचा, बदलीचा किंवा घराच्या परवानगीचा कागद पेटीतून काढावा, सहीखालची तारीख वाचावी, आणि इतकी वर्षे ती का वाचली नव्हती, तेवढे घरच्यांना सांगावे.