आबारावांच्या पत्र्यातली गोळी

"मराठवाड्यातला एकमेव वैज्ञानिक गुप्तहेर," अशी ओमप्रकाशमामा स्वतःची ओळख करून देतात. यातलं 'एकमेव' तेवढं खरं आहे. गुप्त काही नाही, कारण छातीवर बिल्ला असतो. आणि विज्ञान म्हणजे मी, त्यांची भाची प्रांजली. फॉरेन्सिक सायन्सची एम.एस्सी. आहे म्हणून मला ते पिशवी धरायला नेतात.

हसनाबादच्या आबारावांच्या पत्र्याच्या भिंतीला भोक पडलं होतं आणि रात्री शेजारच्या मक्यातून धडाम आवाज आला होता. मका परमेश्वरचा, आणि बांधावरून आबारावांचं त्याच्याशी वाकडं. परमेश्वरची नुकतीच पोलीस भरतीत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी बाकी होती. गोळीबाराची तक्रार झाली की नोकरी गेलीच. तक्रारीआधी आबारावांनी मामांना बोलावलं.

मामांनी भोकात पेन्सिल घातली. "कडा आत वळल्यात. गोळी बाहेरून आली. कॅलिबर, एक पेन्सिल."

"मामा, भोकावरून कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, ठरत नाही. गोळी कुठंय?"

मामांनी अंगणातून पितळेचा तुकडा उचलला. "ही काय!"

"ही पोकळ आहे. गोळी म्हणजे जी उडून जाते ती. मागं राहते ती पुंगळी. दोन्ही आणि आतली दारू मिळून काडतूस."

"मंग ही पुंगळी!"

"पुंगळी बंदूकवाल्याजवळ पडते."

"इथं आणून टाकली. पुरावा लपवायला."

पुरावा फिर्यादीच्याच अंगणात लपवणारा गुन्हेगार फक्त मामांनाच सापडतो.

"आतून आटे बी हायेत. रायफलच!"

"आटे रायफलच्या नळीत असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. पुंगळीला आटे असते तर ती नटासारखी पिळून बसवावी लागली असती."

"तसलीच रायफल हाय," मामा म्हणाले.

एवढ्यात परमेश्वर प्लास्टिकचा पाईप घेऊन आला. "आबा, रानडुकरं हाकलायला कार्बाइड टाकून ह्यो वाजवतो. साऱ्या गावाला म्हाईत हाय. ह्यातून धुराबिगर काय निघतंय?"

"बिनगोळीचा गोळीबार!" मामा गरजले. "लई पोचलेला दिसतोय. आबाराव, लावा फोन!"

आबारावांनी पोलिसांना फोन लावायला घेतला, तशा त्यांच्या बायको आसराबाई बाहेर आल्या.

"ते पितळी नोझल द्या इकडं. फवाऱ्याच्या पंपाचं हाय. सकाळपासून हुडकून राह्यले."

"आन् भोक?" मामांनी विचारलं.

"डिशची वायर आत घ्यायला ह्यांनीच बाहेरून खिळा ठोकला व्हता. रिचार्ज संपलं म्हणून काल ह्यांनीच वायर उपसली. भोक तेवढं ऱ्हायलं."

आबारावांनी फोन खिशात घातला आणि परमेश्वरकडे न बघता ते म्हणाले, "चहा घेऊन जा रं."

मामांनी मात्र परमेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, आज तुला मी निर्दोष सोडवला."

"मामा, वर्दी चढली की पहिला तुमच्याकडंच येतो," परमेश्वर म्हणाला.

सत्काराला तो शाल आणेल की नुसता हार, असं मामा मला वाटेत विचारत होते.