अर्ध्या तासाचा नियम

आवक-जावक विभागाच्या हेडक्लार्कांनी एका सोमवारी चहा सोडला आणि लिंबूपाणी धरलं. पोट कमी करायचं होतं. (ते झालं नाही. कमी झालं ते भलतंच.) टेबलावर लिटरभराची बाटली आणि दर दहा मिनिटांनी एक घोट, घड्याळ लावून. घटाघटा पिणारी माणसं त्यांना अडाणी वाटायची.

वर्षभरात पंख्याचा वारासुद्धा दातांना झोंबू लागला. शेवटी बायकोने त्यांना धरून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"काका, आंबट पिऊन दातांवरचं कवच मऊ पडलंय," ती तरुण डॉक्टर म्हणाली. "लिंबूपाणी कमी करा. आणि प्यायल्यावर अर्धा तास ब्रश नको, मऊ कवच घासलं की आणखी झिजतं. महिनाभर सांभाळा, नाहीतर पुढचा दात ड्रिलने घासून कॅप बसवावी लागेल."

ड्रिल! नुसता शब्द ऐकून हेडक्लार्कांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. हा तर जिवावरचा नियम. घरी येताच त्यांनी लिंबूपाणी कमी केलं, म्हणजे घोट अर्धा केला. अर्ध्या घोटाने घसा भिजेना, म्हणून सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत दर पाच मिनिटांनी घेऊ लागले.

"अहो, दात घासलेत का?" दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं.

"कसे घासणार? आत्ताच घोट घेतला. अर्धा तास थांबायचंय."

"मघाशीही हेच म्हणालात!"

"मघाचा घोट वेगळा. प्रत्येक घोटाला नवा अर्धा तास."

"मग साधं पाणी प्या ना!"

"डॉक्टर 'कमी करा' म्हणाल्यात. 'बंद करा' नाही."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. चौथ्या दिवसापासून ती त्यांच्याशी पाठ फिरवून बोलू लागली. ऑफिसात कारकून लांबूनच फायली सरकवू लागले. हेडक्लार्कांना वाटलं, आपला दरारा वाढला.

महिना संपला. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं आणि मास्कवर दुसरा मास्क चढवला.

"काका, दात घासता ना?"

"संधीच मिळाली नाही," म्हणत त्यांनी घोटांच्या वेळा लिहिलेली वही पुढे केली.

डॉक्टरने दोन पानं वाचली आणि वही मिटली. "अहो काका, दिवसभर असं थोडं थोडं पिण्यानेच तर दात जास्त झिजतात! लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा एका दमात संपवलं असतं तर बरं. आता ड्रिलशिवाय इलाज नाही."

"थांबा!" हेडक्लार्क खुर्चीत उठून बसले. "बाहेर धीर यावा म्हणून मी एक घोट घेतलाय. नियमाप्रमाणे अजून एकोणीस मिनिटं दाताला हात लावता येणार नाही."

"तो नियम ब्रशला आहे, काका. ड्रिलला नाही. आ करा."

त्यांनी केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. ती पर्स मांडीवर घेऊन निवांत बसली होती.

"घाई करू नका हो डॉक्टर," ती म्हणाली. "चांगला अर्धा तास घ्या."