साठ तोंडांची चोरी

१९५७ साली, रशियाने आकाशात पहिल्या उपग्रहाचा तो गोळा सोडला त्याच महिन्यात, आमच्या लिंडाल गावातून साठ लाडू नाहीसे झाले. बाकीचं जग आकाशाकडे बघत होतं. आम्हाला मिनेसोटातल्या ढगांमुळे तसंही काही दिसत नव्हतं, त्यामुळे आमचं सगळं लक्ष लाडवांकडे होतं.

त्या प्रकरणाची वही अजून माझ्या कपाटात आहे. अक्षर माझं, शब्द माझ्या नवऱ्याचे. पहिल्या पानावर त्याने मला सांगून लिहून घेतलं आहे: "ऑर्व्हिल स्कोगन. टपालाने शिकवणाऱ्या गुप्तहेर विद्यालयाचा पदवीधर. नजर ससाण्याची, कान वटवाघळाचे, नाक शिकारी कुत्र्याचं."

"यात माणसाचं काय आहे?" मी विचारलं होतं.

"मिशा. त्या पुढच्या ओळीत घे."

पोटासाठी तो पियानो सुरात लावायचा. आजूबाजूच्या गावांत आपली जुनी व्हॅन घेऊन फिरायचा आणि लोकांच्या दिवाणखान्यात शिरायला मिळतं म्हणून या धंद्याला गुप्तहेरगिरीची उत्तम जोड मानायचा. तोपर्यंत त्याने दोन प्रकरणं हाती घेतली होती. पहिल्यात आमची चोरीला गेलेली शिडी शेजाऱ्याकडे सापडली. ऑर्व्हिलनेच ती त्याला उसनी दिली होती. दुसरं प्रकरण अजून चालू होतं.

लाडू म्हणजे मक्याच्या लाह्यांचे. हॅलोविनला, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशीच्या त्या भुतांच्या सणाला, आमच्याकडे घरोघर होत. गरम पाकात लाह्या घालायच्या, हाताला लोणी फासायचं आणि बोटं भाजायच्या आत वळायचे. पण ते साठ लाडू वेगळे होते, कारण ते कार्मेलाचे होते.

कार्मेला म्हणजे आमच्या गावच्या लाइफ नुस्टादची बायको. लाइफ सैन्यातून परत येताना शिकागोत थांबला आणि इटालियन बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न करून आला. लिंडालमध्ये सगळे नॉर्वेजियन, सगळे एकाच चर्चचे. तिथे ही तेवीस वर्षांची पोरगी, जोरात हसणारी, बोलताना हात हलवणारी. लोक तिच्याशी वाईट वागले नाहीत. आमच्याकडे कोणी कोणाशी वाईट वागत नाही. हवेबद्दल बोलतात आणि निघून जातात.

त्या वर्षी मुलांच्या हॅलोविन पार्टीची जबाबदारी तिने मागून घेतली. तोवर एकोणीस वर्षं ही पार्टी गुड्रून टोलेफसनबाईंकडे होती, आणि एकोणीस वर्षं मुलांना चर्चच्या तळघरात एकेक पुडी मनुका मिळत होत्या. गुड्रूनबाई महिला मंडळाच्या प्रमुख. "करू दे तिला," त्या म्हणाल्या. "मनुका मी आणून ठेवतेच."

बुधवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी लाडू वळत होतो. कार्मेला प्रत्येकाला तोंड काढत होती. डोळ्यांना रंगीत गोळ्या, भुवयांना ज्येष्ठमधाच्या मिठाईच्या काळ्या दोऱ्या, दातांना बदामाचे काप. एक लाडू रागावलेला, एक लाजलेला, एक शिंक अडकलेला. साठ लाडवांत एक तोंड दुसऱ्यासारखं नाही.

"आर्डिस, तुम्हाला म्हणून सांगते," ती मान वर न करता म्हणाली. "शनिवारच्या बसचं तिकीट काढलंय मी. आईकडे जायचं."

"किती दिवस?"

"ते उद्यावर आहे. चौदा महिने झाले मला इथे. एकानेही 'ये, बस' म्हटलेलं नाही. उद्या पार्टी चांगली झाली तर थांबेन. नाही झाली तर लाइफने पत्रं पाठवावीत." तिने एका लाडवाला खाली वळलेलं तोंड काढलं, बघितलं, आणि उचकटून पुन्हा हसरं केलं.

संध्याकाळी ती आणि लाइफ चार मोठ्या पत्र्याच्या ट्रेंमध्ये लाडू भरून, वर फडकी झाकून चर्चच्या तळघरात ठेवून आले. जिन्याजवळच्या लांब टेबलावर. नंतर तिने भिंतींवर काळ्या कागदाची वटवाघळं लावली, दारात कणसांच्या पेंढ्या उभ्या केल्या आणि जुन्या चादरींची भुतं टांगली.

गुरुवारी दुपारी बाराला आम्ही तळघरात उतरलो, तर टेबल रिकामं. एक ट्रे नाही, एक फडकं नाही. कार्मेला खुर्चीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "पार्टी पाचला आहे." तिचे हात हलत नव्हते. मी तिला तसं कधीच बघितलं नव्हतं.

मी ऑर्व्हिलला बोलावलं. याचा मला नंतर पुष्कळ पश्चात्ताप झाला, पण गावात दुसरा गुप्तहेर नव्हता.

तो भिंग घेऊन आला. आधी टेबलाच्या वर बघितलं, मग खाली बघितलं, मग कमरेवर हात ठेवून कण्हला. "सकाळी आठपासून वजनं उचलतोय. ब्रेकेंच्या घरी जेवण पोहोचवलं. पाठ गेली माझी. पण कर्तव्य आधी. लिही."

गावातले म्हातारे हॉलवर ब्रेके मंगळवारी वारले होते. गावातल्या बायकांनी त्यांच्या घरासाठी जेवण शिजवून तळघरात आणून ठेवलं होतं आणि ऑर्व्हिलने ते व्हॅनमधून नेलं होतं. हे त्याने माझ्यासमोर सांगितलं, मी ते वहीत लिहिलंसुद्धा, आणि आम्ही दोघं पुढे गेलो. माझ्या बुद्धीबद्दल मी इतकंच म्हणेन की लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

"पहिला प्रश्न," ऑर्व्हिल म्हणाला. "लाडू नसण्यात फायदा कोणाचा?" आणि तो थेट गुड्रूनबाईंकडे वळला. त्या कोपऱ्यात मनुकांच्या पुड्या बांधत होत्या.

"गुड्रूनबाई, काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत तुम्ही कुठे होतात?"

"तू आईच्या मांडीवर बसून या चर्चमध्ये रडायचास, तेव्हापासून मी इथेच आहे."

"त्या पिशवीत काय आहे?"

"मनुका."

"कशावरून?"

"खाऊन बघ."

त्याने तपासासाठी तीन पुड्या खाल्ल्या. "मनुकाच आहेत," तो मला म्हणाला. "फारच चलाख बाई आहे."

मग त्याला जिन्याच्या कठड्यावर चिकट डाग सापडला. त्याने तो चाटला आणि डोळे मिटले. "पाक. ताजा. लोणी घरचं." डागामागून डाग शोधत तो वर गेला, मागच्या दारातून बाहेर पडला आणि आमच्या व्हॅनपाशी थांबला. दाराच्या मुठीवर डाग. चाकावर डाग. मागच्या फळीवर तर एक बदामाचा काप.

त्याने तो काप चिमटीत धरून डोळ्यांसमोर नेला. मला वाटलं, आता उजाडणार.

"आर्डिस," तो दबल्या आवाजात म्हणाला, "चोराने माझीच गाडी वापरली. धाडस बघ माणसाचं."

"तुझ्या बाहीवर लाही चिकटलीय, ऑर्व्हिल."

त्याने ती काढली, भिंगाखाली धरली. "म्हणजे तो माझ्या अगदी जवळून गेला. अंगाला अंग लागलं असणार. आणि मला कळलं नाही. हा साधा चोर नाही, आर्डिस. हा माझ्या तोडीचा आहे."

"असेल," मी म्हणाले.

दीड वाजता संशय रात्री कचरा उपसणाऱ्या रकून या प्राण्यावर गेला, कारण रकूनचे पंजे चिकट असतात. पण रकूनला चार ट्रे उचलून नेता येत नाहीत, असं मी दाखवून दिल्यावर त्याने तो सोडला. अडीच वाजता रशिया आला. "विचार कर. वर त्यांचा एक गोळा फिरतोय. इथून साठ गोळे गायब. त्याच महिन्यात."

"त्यांना लाह्यांचे लाडू कशाला हवेत?"

"तेच तर त्यांना आपल्याला कळू द्यायचं नाही."

साडेतीनला तो कोळशाच्या खोलीजवळ दबा धरून बसला आणि थोड्याच वेळात मोठा आवाज झाला. आम्ही धावलो. त्याने एका दबून उभ्या असलेल्या माणसाला मिठी मारून जमिनीवर पाडलं होतं आणि त्याला गप्प राहायला बजावत होता. माणूस आधीपासूनच गप्प होता. कार्मेलाने फरशी पुसायच्या लाकडी दांड्यावर टांगलेलं ते भूत होतं. चादर फाटली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच मी गुड्रूनबाईंना कार्मेलाकडे बघून हसू आवरायला ओठ दाबताना पाहिलं. पण कार्मेला बघत नव्हती. ती कोट घालून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती.

पाच वाजायला आले. बाहेर उजेड होता अजून. मुलं यायला लागली. चाचे, चेटकिणी, कोळशाने मिशा काढलेले वीतभर दरोडेखोर. एक पोर भोपळा झालं होतं आणि दारातून आत येईना. गुड्रूनबाईंनी पिशवी उघडली आणि मनुकांच्या पुड्या टेबलावर मांडायला घेतल्या. मुलांचे चेहरे मनुकांसारखे झाले.

"मी निघते," कार्मेला मला म्हणाली. "शनिवारपर्यंत थांबायचं कारण नाही."

तेवढ्यात मागच्या दाराने सिग्ने ब्रेके आत आल्या. हॉलवर ब्रेकेंची विधवा, ऐंशी वर्षांची, काळ्या कपड्यांत. नवऱ्याला पुरायचं होतं दुसऱ्या दिवशी, आणि ही बाई मुलांच्या पार्टीत. सगळे उठून उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांचा पुतण्या चार पत्र्याचे ट्रे घेऊन उभा होता.

"हे कोणाचं?" सिग्नेबाईंनी विचारलं आणि फडकं काढलं. आतून लाडू हसले. एक रागावला. एक शिंकणार होता.

ऑर्व्हिलने भिंग वर केलं.

"खाली नाव नाही," सिग्नेबाई म्हणाल्या. "दुःखाच्या घरी पाठवायचं भांडं, मी तसंच समजले."

इथे मला सांगायला हवं. आमच्या तळघरात प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते, वर बाईचं नाव. चेहरा विसरेल माणूस, भांडं नाही विसरायचा. एकाच प्रसंगी ती पट्टी काढतात: ज्या घरी भांडं पाठवायचं तिथे मयत झालेलं असलं की. त्या घराला भांडी परत करण्याची काळजी नको म्हणून. हे आम्हाला इतकं लहानपणापासून माहीत असतं की कोणी कोणाला कधी सांगत नाही. कार्मेलालाही कोणी सांगितलं नव्हतं. अशी काही चिकटपट्टी असते, एवढंही नाही.

"मग मी विचार केला," सिग्नेबाई पुढे म्हणाल्या. "बटाटे होते, मांस होतं, तीन प्रकारची जेली होती. पण लिंडालमधली कुठली बाई खाण्याच्या वस्तूला तोंड काढेल? आपल्याला माणसांच्या तोंडाकडे बघायला जड जातं. तेव्हा हे त्या नव्या मुलीचं." त्यांनी कार्मेलाकडे बघितलं. "तूच ना?"

पाच तासांचा तपास त्यांनी चार वाक्यांत संपवला.

"पण नेलं कोणी?" ऑर्व्हिल पुढे सरसावला. "सिग्नेबाई, नीट आठवा. माणूस कसा दिसत होता? उंच? मिशा?"

"मिशा होत्या," त्या म्हणाल्या. "पाठ धरून कण्हत होता. जाताना माझ्या कॉफीचे दोन कप प्याला."

तळघरात अशी शांतता पसरली की भोपळा झालेलं पोर दारात अडकल्याचा आवाज आला.

"प्रत्येक भांडं उचलून मी बुडाखाली बघितलं," ऑर्व्हिल हळूच म्हणाला. "नाव नव्हतं, म्हणून नेलं. पद्धतशीर काम केलं."

"आत नाही बघितलंस?" मी विचारलं.

"वर फडकं होतं."

सिग्नेबाई कार्मेलाच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. "मंगळवारपासून लोक येतायत. प्रत्येक जण विचारतो, हवा कशी आहे. सकाळी मी एकटी होते, फडकं काढलं आणि ही इतकी तोंडं. एक तर हुबेहूब हॉलवर. दात नसलेला, काहीतरी लपवून हसणारा. मी इतकी हसले की दिराला वाटलं मला काही झालं. नऊ आम्ही खाल्ले. हॉलवरसारखा तो मी ठेवलाय, तो देणार नाही. बाकीचे मुलांचे."

कार्मेला रडायला लागली, दोन्ही हात हलवत, मोठ्याने, शिकागोच्या पद्धतीने. आमच्यापैकी कोणाला कुठे बघावं कळेना. मुलांना मात्र अडचण नव्हती, त्यांनी ट्रे गाठले होते.

गुड्रूनबाईंनी ॲप्रनच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ आणि पेन्सिल काढली. चार तुकडे फाडले. प्रत्येकावर सावकाश लिहिलं, रिकामा होईल तसा एकेक ट्रे उलटा केला, पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढली.

"कॉफी गरम आहे," त्या म्हणाल्या. "ये, बस."

शनिवारची बस रिकामी जागा घेऊन शिकागोला गेली.

कार्मेलाने पुढे छत्तीस हॅलोविन पार्ट्या केल्या. तिला पाच मुलं झाली, सगळी मोठ्याने हसणारी. लाइफला आता ऐकू येत नाही, म्हणून तो सुखात असतो. गुड्रूनबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. शेवटपर्यंत मनुका वाटत राहिल्या, पण एका वर्षी पुडीवर त्यांनी शाईने दोन डोळे काढलेले मी स्वतः बघितले. सिग्नेबाईंच्या खिडकीत तो दात नसलेला लाडू कितीतरी वर्षं होता, दगडासारखा झालेला. त्या गेल्या तेव्हा तो त्यांच्याबरोबरच ठेवला.

भोपळा झालेलं पोर आता आमचं डॉक्टर आहे.

ऑर्व्हिलने वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं: "प्रकरण सुटलं. गुन्हेगार ओळखला. पुरेशा पुराव्याअभावी सोडून देण्यात आला." १९८९ च्या मार्च महिन्यात तो एका पियानोशेजारी, काम संपवून, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात पत्र्याचा ट्रे होता, फडक्याखाली. आत बारा लाडू, सगळ्यांना मिशा, एकाच्या डोळ्यावर ज्येष्ठमधाचं भिंग. मी ट्रे रिकामा करून उलटा धरला. बुडाला जुन्या पट्टीची चौकोनी खूण होती. पट्टी नुकतीच काढलेली होती.