फणसेकाकांचे ट्वीटर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले फणसेकाका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्यांच्या टीव्हीला कान लावतात. मिनिटभर डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "वरचं गेलंय." म्हणजे बारीक, उंच आवाज येत नाहीत. आमच्या महिन्याभरापूर्वी घेतलेल्या टीव्हीला त्यांनी हेच सुनावलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत बहुतेकांचं मत असं, की वरचं गेलंय ते काकांचंच.

पण त्यांच्या घरात खरंच गेलं होतं. काकांकडे जुनी स्पीकरची जोडी आहे. ॲम्प्लिफायर पोटातच असल्यामुळे एकेक खोकं उचलायला दोन माणसं लागतात. प्रत्येकात वरच्या बाजूला नाण्याएवढा एक ट्वीटर, बारीक आवाज काढणारा. ते दोन्ही पाठोपाठ मेले, आणि कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. काकांनी फोन केला तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, या प्रॉडक्टचं लाइफ संपलंय."

"ते तुम्ही कोण ठरवणार?" काका म्हणाले. "स्पीकर माझ्या घरात आहे आणि मी जिवंत आहे."

झालं, तिथून माणूस पेटला. पनवेलच्या बाजारातलं एक दुकान सोडलं नाही. दुकानदार म्हणायचा, "काका, हा लावा, सेम टू सेम." काका खिशातून मीटर काढून त्याच्यासमोरच मोजायचे. "सेम आहे तर हा चार ओहम का दाखवतोय? मला सहा पाहिजे." पुढे पुढे काका दिसले की सकाळी साडेदहाला लंच टाइम व्हायला लागला. काका बाहेर स्टुलावर बसून राहायचे. "जेवा तुम्ही सावकाश," म्हणायचे.

इकडे काकांच्या पुण्याच्या मुलाने जाहीर केलं, की दिवाळीला येताना नवा ब्लूटूथ स्पीकर आणतो आणि ही धुडं भंगारात देतो. काकूंचीही फूस होती, कारण त्या खोक्यांमागचा केर त्यांनाच काढावा लागे. "मी गेल्यावर न्या," काका म्हणाले, "आधी हात लावाल तर याद राखा."

मी मूळची उरणची. माझा चुलतभाऊ जनादादा तिथे हळदी-लग्नांना साउंड लावतो. त्याच्या शेडमध्ये असली एक मेलेली जोडी पाहिल्याचं मला आठवलं आणि मी मूर्खासारखी बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका हेल्मेट घालूनच दारात. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, तरी माझं डोकं फिरलं. पण नाही कसं म्हणणार?

उरणच्या वाटेवर जासईला चहासाठी मी स्कूटर थांबवली, तेव्हा चिडूनच विचारलं, "काका, एवढं काय ऐकायचंय तुम्हाला?"

काकांनी आधी सगळा चहा संपवला, मग सांगितलं. त्यांच्या ऑफिसचा वाद्यवृंद होता. एकदा स्पर्धेत पहिला आला, त्या गाण्याची एक कॅसेट आहे. काका त्यात ट्रँगल वाजवायचे, ती लोखंडाची त्रिकोणी सळई. अख्ख्या गाण्यात अकरा वेळा टिण. रिटायर झालेल्यांच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी ते गाणं मोबाइलवर लावलं. गायक, पेटी, ढोलकी, सगळ्यांच्या पाठी थोपटून झाल्या. मग एकजण म्हणाला, "फणसे, तू कुठे होतास रे यात?" सगळे हसले. त्या मोबाइलच्या खरखरीत टिण काही आलंच नव्हतं. घरी येऊन काकांनी कॅसेट लावली, तर ट्वीटर गेलेले.

मला त्या हसणाऱ्यांचा इतका राग आला, की मी पैसे देताना चहावाल्यावरच खेकसले.

जनादादाने शेडमधून जोडी ओढून काढली. "काका, खोकी उंदरांनी खाल्ली. पन वरचे दोन हायेत. वाजतील का, ता नाय सांगू शकत आमी." काकांनी मीटर लावला. सहा. दुसऱ्याला लावला. सहा. दोन्ही ट्वीटर रुमालात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले आणि पनवेलपर्यंत एका हाताने खिसा धरून बसले. मी वीसच्या वर स्कूटर नेली नाही.

ट्वीटर बसवायला त्यांना दोन तास लागले. मग मला हाक मारली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. गाणं सुरू झालं, पेटी आली, ढोलकी आली. काका भिंतीकडे बघत उभे होते. आणि मग कडव्याच्या शेवटी, अगदी स्वच्छ, टिण. काकांचं एक बोट वर झालं. पुढच्या टिणला पुन्हा. अकराही वेळा बोट बरोबर उठलं. काकू तिथेच खाली बसल्या.

"काका, टाका हे तुमच्या ग्रुपवर," मी म्हटलं. "कळू दे त्या लोकांना."

"त्यांचं सोड गं," काका म्हणाले. "इतके महिने ऐकू येत नव्हतं ना, तर मलाच वाटायला लागलं होतं, की आपण नव्हतोच की काय."

काकू उठल्या आणि त्यांनी कॅसेट मागे फिरवली.

"होतो मी," काका आम्हा दोघींना दरडावून म्हणाले. "होतो."